रिव्हॉल्वरचं काडतूस रायफलीत घातलं म्हणून हत्ती थांबत नसतोय

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही शिकारीच्या हत्यारांवर अख्खं पान छापलंत, ते मी वाचलं आणि मग परत वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा दोष असंल. त्यात लिहिलंय की अमेरिकेतल्या मोठ्या मॅग्नम रिव्हॉल्वरचं काडतूस लांब नळीच्या रायफलीत वापरलं की ती रायफल हत्ती, गवा, वाघ कशालाही पुरून उरते. साहेब, असं नसतंय. मी काही लेखक नाही, कन्नडला वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, पुढं मी चालवलं, चाळीस वर्षं नळ्या साफ केल्या, स्प्रिंगा बसवल्या, घोडे घासले, ठासणीच्या बंदुकीपासून डबल बारपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. आता दुकान बंद आहे, गुडघे पण बंद पडायच्या बेतात आहेत, तरी एवढं तर कळतंय की छापलेलं खरं किती आणि हवेतलं किती.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे खरं तर. शेजारचं पोरगं तुमचा पेपर घेऊन सकाळी सकाळी घरी आलं. त्यांच्या वावरात मका आणि तूर, डुकरं आणि रोही रोज रात्री येतात, बापाच्या नावावर शेतीरक्षणाची जुनी बारा बोर आहे. म्हणतंय, "काका, ही जुनी विकून तसली लिव्हरची मॅग्नम घेता येईल का, पेपरात दिलंय हत्ती पडतो म्हणून." मी म्हटलं बस, चहा घे. चहा झाला, दुसरा झाला, मी बोलतच राहिलो आणि ते मान डोलवत राहिलं, पटलं का माहीत नाही. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला लिहायलोय.

आधी त्या 'मॅग्नम' शब्दाचंच बघा, पोरं त्याच्यावरच भाळतात. हा शब्द मुळात दारूवरून आलाय, आणि बंदुकीच्या नाही, पिण्याच्या दारूवरून! शॅम्पेनची नेहमीच्या दुप्पट मापाची जी बाटली असते तिला मॅग्नम म्हणतात, तिथून इंग्रज बंदूकवाल्यांनी उचलला. म्हणजे अर्थ एवढाच की नेहमीपेक्षा मोठं. कशापेक्षा मोठं हे कोणी विचारत नाही. रिव्हॉल्वरमधला मॅग्नम हा बाकीच्या रिव्हॉल्वरांपेक्षा मोठा असतो, रायफलींपेक्षा नाही. तालुक्याचा पैलवान तालुक्यात मोठा.

दुसरं, ही आयडिया काही आजची नाही. विंचेस्टर कंपनीची १८७३ ची लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची रायफल आणि तिचं .४४-४० काडतूस (.४४ असले आकडे म्हणजे गोळीची जाडी साधारण किती इंच ते), त्याच काडतुसाचं रिव्हॉल्वर कोल्ट कंपनीनं १८७८ च्या सुमारास काढलं. घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला कमरेला एकच पट्टा, त्यातलं काडतूस रायफलीत पण चालतंय आणि रिव्हॉल्वरमध्ये पण, हा सगळा सोयीचा मामला होता. त्यात काळी दारू चाळीस ग्रेन आणि गोळी दोनशे ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम). हरणाला ठीक. तिकडच्या मोठ्या रानरेड्यांसाठी, म्हणजे बायसनसाठी, त्या काळातसुद्धा वेगळ्या जाड रायफली होत्या, कोणी शहाणा माणूस .४४-४० घेऊन त्यांच्या मागं लागत नव्हता, लागला तर गरजेनं.

आता लांब नळीनं वेग वाढतो का? वाढतो, नक्की वाढतो, तुमच्या लेखातलं तेवढं बरोबर आहे, पण का वाढतो ते लिहिलंच नाही. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसं फिरत्या चाकात असतात आणि चाक आणि नळी यांच्यामध्ये बारीकशी फट असते, फिरायला जागा पाहिजे ना. बार झाला की त्या फटीतून गॅस बाजूला निघून जातो, आपल्या ड्रिपच्या पाइपाच्या ढिल्या जॉइंटातून पाणी उडतं तसा. रायफलीत ती फट नसते. वर नळी सहा इंचाच्या जागी अठरा-वीस इंच, म्हणून गॅसला गोळी ढकलायला लांबवर रस्ता मिळतो. पण रिव्हॉल्वरचं काडतूस लहान, त्यातली दारू झपाट्यानं जळणारी, तिचा दम साधारण सोळा-अठरा इंचात संपत येतो. बंद पडलेली जीप ढकलताना सुरुवातीला चौघं जोर लावतात आणि मग नुसते हात टेकवून पळतात तसं. त्याच्या पुढं नळी कितीही लांब करा, फार काही हाती लागत नाही.

आकडे सांगतो, कंटाळा आला तर हा भाग सोडून द्या पण छापताना कापू नका. फूट-पौंड म्हणजे एक पौंड वजन एक फूट उचलायला लागणारी ताकद, गोळीची ताकद बंदूकवाले त्यातच मोजतात. .३५७ मॅग्नम १९३५ सालचं. त्याची १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्वरमधून सेकंदाला साधारण १२३५ फूट जाते आणि कार्बाइनमधून, म्हणजे आखूड रायफलीतून, १८३० च्या आसपास. ताकद ५३५ वरून ११७५ फूट-पौंड, दुपटीच्या वर! सगळ्यात जास्त फायदा ह्या काडतुसाला होतो. .४४ मॅग्नम त्याच्या वीसेक वर्षांनंतर आलं, त्याची २४० ग्रेनची गोळी रिव्हॉल्वरमधून साडेतेराशेच्या घरात आणि रायफलीतून १७६० फूट, ताकद १६५० च्या जवळपास. ऐकायला लय भारी वाटतंय. पण गोळी आखूड आणि चपट्या तोंडाची असल्यामुळं हवा तिला लगेच अडवते, शंभर यार्डावर वेग १३८० पर्यंत उतरतो आणि ताकद हजारावर येते. म्हणजे रिव्हॉल्वरच्या तोंडाशी ती जिथं होती तिथंच शंभर यार्डावर परत येऊन बसली. रायफल घेऊन मिळवलं काय, तर शंभर यार्ड लांबून रिव्हॉल्वर मारल्यासारखं झालं. हे काही कमी नाही म्हणा, पण हत्ती?

आणि हे बघा. अमेरिकेत हरणासाठी शेतकरी लोक सव्वाशे वर्षांपासून वापरतात ती .३०-३० रायफल, जिला तिकडं कोणी मोठी म्हणत नाही, तिची १७० ग्रेनची गोळी १८०० फूट-पौंडाच्या वर देते. म्हणजे मॅग्नम म्हणून नाचवलेलं .४४ रायफलीत घालूनसुद्धा ह्या हरणाच्या रायफलीच्या खालीच राहतंय. अजून गंमत सांगू का, त्या पोराच्या बापाची जी जुनाट बारा बोर आहे ना, तिच्यात एक औंसाची एकगोळीची काडतूसं चालतात, ती तोंडाशी २३००-२४०० फूट-पौंड देतात. हे ऐकून पोरगं पहिल्यांदा गप्प झालं. घरात आहे त्याची किंमत नसते माणसाला.

याच्यावरची काडतुसं पण आहेत, ते मी नाकारत नाही. डिक कॅसुल नावाच्या माणसानं १९५० च्या दशकाच्या शेवटी .४५४ बनवलं, १९८३ ला त्याचं रिव्हॉल्वर बाजारात आलं, ३०० ग्रेनची गोळी सोळाशेच्या वर पळवतंय. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसननं .५०० काढलं, ते रिव्हॉल्वरमधूनच अडीच हजार फूट-पौंडाच्या आसपास देतंय आणि लिव्हरच्या रायफलीतून तीन हजाराच्या वर जातंय. हे खरंच जबर काडतूस आहे. पण साहेब, आफ्रिकेत बऱ्याच देशांत रानरेडा, हत्ती असल्या जनावरांसाठी कमीत कमी .३७५ ची रायफल लागते असा नियमच आहे, आणि ते १९१२ सालचं .३७५ काडतूस ३०० ग्रेनची गोळी अडीच हजार फूट वेगानं फेकून चार हजार फूट-पौंडाच्या वर देतंय. जुन्या डबल बॅरल रायफलीतलं .४७० पाच हजाराच्या वर. रिव्हॉल्वरचं सगळ्यात मोठं काडतूस रायफलीत घालून, सगळी कसरत करून, जिथवर पोचतंय तिथून पुढं धोकादायक जनावरांच्या रायफली चालू होतात.

बरं, नुसत्या ताकदीच्या आकड्यावर जाऊ नका असं पण मीच म्हणतो. जनावर फूट-पौंडानं मरत नसतंय, गोळी आत कुठवर गेली आणि वाटेत काय फोडलं त्यानं मरतंय. ह्याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे तो स्कॉटिश शिकारी बेल, ज्याला करामोजो बेल म्हणतात. त्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यातले पुष्कळ ७ मिलीमीटरच्या लहान रायफलीनं, जिचा दणका आपल्या खांद्यालासुद्धा फार जाणवत नाही. कसं जमलं? गोळी बारीक, लांबडी, टणक आवरणाची, अजिबात न फुटणारी, ती हत्तीच्या कवटीतून मेंदूपर्यंत सरळ घुसायची. आणि बेलला हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठंय ते पाठ होतं, हे पण विसरू नका. रिव्हॉल्वरची गोळी बरोबर उलटी, जाड आणि आखूड. दाभण आणि खुंटी. पोत्यात दाभण अंगठ्यानं घुसतंय, खुंटीला हातोडा लागतो.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या लेखात औषधाला पण नाही, आणि माझ्या मते सगळं त्याच्यातच आहे. रिव्हॉल्वरच्या पुष्कळ गोळ्या पुढून पोकळ केलेल्या असतात, अंगात शिरल्यावर फुलाव्यात म्हणून. त्या किती वेगाला फुलाव्यात हे बनवणारानं ठरवलेलं असतं, आणि तो वेग रिव्हॉल्वरचा असतो, हजार-बाराशे-चौदाशे फूट. तीच गोळी तुम्ही रायफलीतून १८०० नं मारली की ती कातडीखालीच फुटून पसरते, हाडापर्यंत पोचली तर तुकडे होतात. म्हणजे वेग वाढवून आत जायचं सोडून उलट वरच्यावर राहिली! काडतूस तेच, डब्बी तीच, पण रायफलीत घातलं की गोळी बदलायला पाहिजे हे माहीत नसलेला माणूस ताकद वाढली म्हणून खूश असतो आणि समोर जखमी जनावर उभं असतंय. ज्यांना कळतं ते जड, कडक शिशाची, चपट्या तोंडाची, न फुलणारी गोळी वापरतात, ती वेगानं कमी असली तरी खोल जाते. चपटं तोंड एवढ्यासाठी पण असतंय की लिव्हरच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागं एक ओळीनं बसतात, मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर (जिच्यावर ठोका बसला की बार होतो तिच्यावर) टेकतं, टोकदार गोळी असली आणि झटका बसला तर नळकांड्यातच बार व्हायचा.

आमच्याकडं रानडुक्कर बघितलंय का तुम्ही जवळून? संभाजीनगरातल्या ऑफिसात कुठून बघणार, राग मानू नका. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट थर असतो आणि वरून चिखलात लोळून लोळून तो चिखल केसांत वाळून घट्ट बसलेला असतो. मी दुकानात होतो तेव्हा परवानगीनं मारलेल्या एका डुकरातून काढलेली शिशाची गोळी एकानं आणून दाखवली होती, रुपयाच्या नाण्यासारखी चपटी, खांद्यात चार बोटं पण गेली नव्हती. ते डुक्कर पहिल्या गोळीनं पडलंच नाही, तुरीत घुसलं, आणि शोधायला गेलेल्या माणसाची मांडी त्यानं गुडघ्यापासून वर उघडी केली. तो माणूस वाचला, पण पुढं जन्मभर लंगडत चालला. बंदूक त्याची नव्हती, गोळी त्यानं मारली नव्हती, तो नुसता बॅटरी धरून गेला होता. आणि हे डुक्कर, फार तर शंभर-सव्वाशे किलो. गवा सातशे-आठशे किलोचा असतो, कधी त्याच्याहून जास्त.

तरी पण एका गोष्टीत मी त्या लेखकाच्या बाजूनं आहे. जवळून, झाडीत, वीस-तीस यार्डात, बिबट्याच्या अंगाचं जनावर असंल, पन्नास-साठ किलोचं, कातडी पातळ, तर .४४ ची आखूड लिव्हर रायफल वाईट नाही. हलकी असते, उसात अडकत नाही, दुसरी गोळी पटकन चढते. इंग्रजांच्या काळात वाघाच्या शिकारीला हत्तीच्या हौद्यात बसणारे लोक दोन नळ्यांचं जाडजूड पिस्तूल जवळ ठेवायचे, वाघ सोंडेवरून वर चढायला लागला तर, हौदा पिस्तूल म्हणायचे त्याला. त्याचं काम शिकार नव्हतं, जीव वाचवणं होतं, आणि हातातली रायफल वेगळी असायची. हा फरक लेखात यायला पाहिजे होता. मॅग्नम रिव्हॉल्वरनं हत्ती आणि रानरेडे मारणारे लोक झालेत, खोटं कशाला बोलू, पण सहसा त्यांच्या बाजूला मोठी डबल रायफल घेतलेला जाणता शिकारी उभा असतो आणि ते फोटोत येत नाही.

आणि आपल्याकडं हे सगळं कशाला चाललंय तेच मला कळत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. वाघ, बिबट्या, हत्ती, गवा यांना हात लावायचा तर ते जनावर माणसाच्या जिवावर उठलंय असं मुख्य वन्यजीव रक्षकानं लेखी कारणं देऊन ठरवायला लागतं, आणि आधी पकडता येतंय का, बेशुद्ध करता येतंय का ते बघायला लागतं. २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा लोक दिवस मावळायच्या आत घरात कोंडून घेत होते, माझी मेव्हणी त्या भागात दिली आहे, ती फोनवर रडायची, ज्वारीला पाणी द्यायला रात्रीची लाइट आणि बाहेर जायची हिंमत नाही. शेवटी डिसेंबरात करमाळ्याकडं तो बिबट्या मारला गेला. तो सगळा महिना गेला तो शोधण्यात, ठशांत, पिंजऱ्यांत. अडचण जनावर सापडण्याची होती, काडतूस कोणतं ह्याची नव्हती.

परवान्याचं पण पोरांना सांगा एकदा. सामान्य माणसाच्या परवान्यावर आपल्याकडं रिव्हॉल्वर म्हणजे बहुतेक .३२, त्याची ताकद सव्वाशे फूट-पौंडाच्या आसपास, म्हणजे .४४ च्या रायफलीच्या बारावा-तेरावा हिस्सा. रायफल म्हणजे .३१५. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. बाहेरून लिव्हरची रायफल मागवणं शेतकऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही, आणि जी कुठं जुनी एखादी निघते तिच्या किमतीत ट्रॅक्टर येतंय. रोही आणि डुकरांसाठी पीक नुकसानीची परवानगी वन खात्याकडून घ्यायची, ती मिळेपर्यंत मका निघून जातो, ह्याच्यावर पान छापा ना एखादं. ते वाचायला आमचं अख्खं गाव बसंल.

लेखात बाकी चुका पण आहेत, मोठ्या दोन सांगतो. काडतूस आणि गोळी ह्या दोन्हीला सगळीकडं एकच शब्द वापरलाय. काडतूस म्हणजे टोपी, कवच, दारू आणि गोळी सगळं मिळून, गोळी म्हणजे पुढं उडून जातंय ते. "काडतूस हत्तीच्या कवटीत घुसलं" असं छापलंय, ते कसं घुसंल, कवच तर बंदुकीपाशीच खाली पडतं. आणि दुसरं, .३५७ आणि .३७५ हे दोन आकडे एका ठिकाणी अदलाबदल झालेत, म्हणून तिथं .३५७ ही आफ्रिकेतली कमीत कमी मर्यादा म्हणून गेलीय. छपाईत असं होतं, मला मान्य आहे, पण ह्या विषयात आकडे फिरले की सगळाच अर्थ फिरतोय. कृपया येत्या रविवारी दुरुस्ती टाका.

आणि तो रायफलीचा मोठा रंगीत फोटो उलटा छापलाय. लिव्हरच्या त्या रायफलीला काडतुसं भरायची खिडकी उजव्या अंगाला असते, तुमच्या फोटोत ती डावीकडं आलीय. आरशातला फोटो आहे तो.

आपला जुना वाचक,
बंदूक दुरुस्तीवाला (निवृत्त)
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर
(नाव छापू नये ही विनंती, परत सगळे बंदुका घेऊन दारात येतील.)